लोहाराचा मुलगा आणि चांदीचं पोलाद

आधीच एक कबुली देऊन टाकतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. माझा ‘ळ’ अजूनही अधूनमधून ‘ल’ होतो आणि त्यावरून हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर रोज माझी खेचली जाते. मॅगझिनच्या मराठी विभागात लिहायची ही माझी पहिलीच वेळ. चुकलं तर सांभाळून घ्या.

दुसरी कबुली जरा मोठी आहे. माझ्या आजोबांचं कराडच्या बाजारपेठेत चाळीस वर्षं सलून होतं. हे वाक्य आज मी सरळ लिहिलं, पण गेली दोन वर्षं कुणी विचारलं की आजोबांचा बिझनेस होता एवढंच सांगून मी विषय बदलायचो.

दिवाळीच्या सुट्टीत आजोबांनी माळ्यावरून पणजोबांची धोकटी काढली. पूर्वी गावोगाव फिरून हजामत करणारे लोक आपली हत्यारं ज्या चामड्याच्या पिशवीत ठेवत, ती धोकटी. आत कात्री, वाटी, चामड्याचा पट्टा, निसणा आणि गंजलेले दोन वस्तरे. आता सगळीकडे अर्ध्या ब्लेडचा वस्तरा आला, एका गिऱ्हाइकाला एक ब्लेड, त्यामुळे हे वस्तरे कित्येक वर्षं उघडलेच नव्हते. आजोबांच्या हाताला आता कंप आहे. मुलगा मेकॅनिकलला आहे, म्हणजे याला लोखंडातलं कळत असणार, असं धरून त्यांनी दोन्ही वस्तरे माझ्या हातात दिले. मला मटेरियल सायन्समध्ये केटी लागली आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.

हॉस्टेलवर आल्यावर रूममेटने विचारलं, हे काय? जुन्या बाजारातून घेतले, छंद म्हणून, असं मी ठोकून दिलं.

पहिला वस्तरा मी सरळ वर्कशॉपच्या बेंच ग्राइंडरवर धरला. दहा सेकंदांत गंज गेला, आणि धारेजवळ एक छान निळी पट्टी उमटली. मला वाटलं, काय मस्त दिसतंय! वर्कशॉपच्या सरांनी ती पट्टी पाहिली आणि नुसती मान हलवली. पाणी दिलेलं पोलाद तापत गेलं की आधी फिकट पिवळं होतं, मग तपकिरी, मग जांभळं, आणि साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास निळं. वस्तऱ्याची धार निळी झाली म्हणजे तिचं पाणी उतरलं. पुढे कितीही घासा, ती धार टिकणार नाही. दोन पिढ्यांनी जपलेल्या वस्तूची मी दहा सेकंदांत वाट लावली होती.

दुसऱ्याला मात्र मी मशीन लावलं नाही. रॉकेलमध्ये भिजवला, मग पाण्यात बुडवून बारीक वॉटर पेपरने हाताने घासत बसलो. तिसऱ्या रात्री पात्यावर अक्षरं दिसू लागली. एका बाजूला शेफील्ड, दुसऱ्या बाजूला सिल्व्हर स्टील. म्हणजे चांदीचं पोलाद? आपल्या वर्कशॉपमध्येही सिल्व्हर स्टीलचे रॉड येतात, त्यात चांदीचा कणही नसतो. ते साधारण एक टक्का कार्बनचं, थोडं क्रोमियम घातलेलं पोलाद असतं, आणि चकाकतं म्हणून ते नाव. मग वस्तऱ्यावर हे नाव आलं कुठून? सरांना विचारलं तर त्यांनी लायब्ररीकडे बोट दाखवलं. तिथे पोलादाच्या इतिहासात मला भेटला मायकेल फॅरेडे.

होय, तोच. इंडक्शनचा नियमवाला, कपॅसिटरच्या एककाला ज्याचं नाव दिलंय तो. याचा आणि वस्तऱ्याचा काय संबंध, असं मलाही वाटलं होतं. पण संबंध आहे, आणि तो त्याच्या जन्मापासून सुरू होतो.

फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनच्या दक्षिणेला न्यूइंग्टन बट्स इथला. वडील जेम्स लोहार होते, तेही सतत आजारी. घरात चार मुलं. १८०१ च्या महागाईत मायकेलला आठवड्याला एक पाव मिळायचा आणि तो त्याला आठवडाभर पुरवावा लागायचा. शाळा म्हणजे जेमतेम लिहिणं, वाचणं आणि हिशोब. त्याला ‘र’ उच्चारता यायचा नाही. मोठ्या भावाचं नाव रॉबर्ट, ते त्याच्या तोंडून भलतंच यायचं. त्यावरून बाईंनी छडी आणायला सांगितली आणि आईने दोन्ही मुलांना शाळेतून काढलं, अशी गोष्ट सांगतात. ‘ळ’वाल्या मला हा माणूस तिथेच जवळचा वाटला.

तेराव्या वर्षी तो ब्लँडफर्ड स्ट्रीटवरच्या रिबॉ नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला आणि पुढच्या वर्षापासून सात वर्षं बाइंडिंग शिकला. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल बाइंड करायला पळतो, हा गडी बांधायला आलेली पुस्तकं वाचून काढायचा. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकामधला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या बाईंचं रसायनशास्त्राचं सोपं पुस्तक त्याने असंच वाचलं. साठलेल्या पैशांतून छोटे प्रयोगही करून पाहिले.

१८१२ मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या सर हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरेडेने चार व्याख्यानांच्या नोट्स घेतल्या, आकृत्या काढल्या, सगळं नीट लिहून स्वतःच्या हाताने बाइंड केलं आणि ते पुस्तक डेव्हींना पाठवून नोकरी मागितली. १ मार्च १८१३ ला तो तिथे प्रयोगशाळेतला मदतनीस झाला. पगार आठवड्याला २५ शिलिंग, आणि राहायला वरच्या मजल्यावर दोन खोल्या. कॅम्पस प्लेसमेंटचा याहून चांगला किस्सा मला माहीत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डेव्ही युरोपच्या दौऱ्यावर निघाले. ऐनवेळी त्यांच्या नोकराने यायला नकार दिला. तात्पुरतं म्हणून ते काम फॅरेडेच्या गळ्यात पडलं आणि कपडे, सामान, हिशोब सगळं त्यालाच बघावं लागलं. डेव्हींच्या पत्नी त्याला नोकरासारखंच वागवायच्या. जिनिव्हात यजमान फॅरेडेला टेबलावर बोलवत होते, बाईंना ते चालेना, तेव्हा यजमानांनी त्याचं जेवण वेगळं वाढायला लावलं, असं सांगतात. त्याच दौऱ्यात पॅरिसला अँपियरची आणि इटलीत म्हाताऱ्या व्होल्टाची भेट झाली, हेही खरं. चिडून परत जायचे विचार त्याच्या मनात येत होते, पण तो टिकला. १८१५ मध्ये परत आला तेव्हा तो पक्का केमिस्ट झाला होता.

हे वाचताना मी जरा थांबलो. एका लोहाराच्या मुलाला टेबलाच्या वेगळ्या टोकाला बसवलं गेलं आणि त्याने आपला बाप लोहार होता हे कधी लपवलं नाही. मला तर कुणी कुठेच बसवलं नव्हतं. मी आपणहूनच लांब जाऊन बसलो होतो.

आता वस्तऱ्याकडे येऊ. लंडनमध्ये स्ट्रँडवर जेम्स स्टोडार्ट नावाचे एक कारागीर होते. शस्त्रक्रियेची हत्यारं आणि चाकू-वस्तरे बनवण्यात त्यांचं मोठं नाव होतं. त्यांना वेड होतं हिंदुस्थानी पोलादाचं, म्हणजे वुट्झचं. हा शब्द कन्नडमधल्या उक्कूवरून आला असं मानतात. दक्षिणेत लोखंड आणि लाकडाचे तुकडे छोट्या बंद मुशीत तापवून हे पोलाद करत. १७९४ मध्ये डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने आपल्या मुंबईहून लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पाठवले. स्टोडार्टनी त्यातून हत्यार घडवून पाहिलं आणि धार बघून ते थक्कच झाले. इंग्लंडच्या उत्तम पोलादापेक्षा हे सरस का, हा प्रश्न त्यांना सोडेना.

१८१८ च्या सुमारास स्टोडार्ट आणि फॅरेडे या प्रश्नाला एकत्र भिडले. फॅरेडेने वुट्झचं रासायनिक पृथक्करण करून १८१९ मध्ये छापलं. त्याला त्यात अल्युमिनियमचा अंश सापडला आणि पोलादाचं रहस्य तेच असावं, असं त्याला वाटलं. ते चूक होतं! आज आपण शिकतो की वुट्झची करामत मुख्यतः भरपूर कार्बनची, साधारण दीड टक्क्याची, आणि त्यातून तयार होणाऱ्या कार्बाइडच्या थरांची. पण या चुकीच्या उत्तरामुळे त्याच्या डोक्यात एक बरोबर प्रश्न आला. पोलादात दुसरा धातू मुद्दाम मिसळला तर काय होईल?

मग रॉयल इन्स्टिट्यूशनच्या तळघरात भट्टी पेटली. लोहाराचा मुलगा पुन्हा भट्टीसमोर उभा राहिला, या वेळी तराजू आणि वही घेऊन. प्लॅटिनम, ऱ्होडियम, पॅलेडियम, सोनं, निकेल, क्रोमियम... एकेक धातू पोलादाबरोबर मुशीत वितळवायचा, त्याची कांडी ओतायची, ती घडवून बघायची, अॅसिडने खाऊन बघायची. हत्यार घडवून धार तपासायचं काम स्टोडार्टकडे. १८२० आणि १८२२ मध्ये दोघांनी हे निष्कर्ष छापले.

त्यात चांदीची गंमत सगळ्यात भारी आहे. चांदी जास्त घातली की पोलाद थंड होताना ती घामासारखी बाहेर यायची, पृष्ठभागावर तिचे थेंब दिसायचे. कमी करत करत ते पाचशे भागांत एक भाग चांदीपर्यंत आले. तेव्हा थेंब दिसेनासे झाले आणि ते पोलाद त्यांना कठीण आणि धारेला उत्तम वाटलं. शेफील्डमध्ये मोठ्या प्रमाणावर प्रयोग झाले. नाव असं गाजलं, की पुढे कितीतरी वर्षं शेफील्डचे वस्तरे सिल्व्हर स्टील असा शिक्का घेऊन बाजारात येत राहिले, मग आत चांदी असो वा नसो. माझ्या पणजोबांच्या धोकटीपर्यंत तो शिक्का असा पोचला. आजचा फेज डायग्राम बघितला तर चांदी आणि लोखंड एकमेकांत जवळजवळ मिसळतच नाहीत. फॅरेडेला दिसलेले ते थेंब हेच सांगत होते, पण तेव्हा फेज डायग्राम काढायला कुणी नव्हतं.

क्रोमियमची गोष्ट त्याहून चुटपुट लावणारी. ते साधारण तीन टक्क्यांवर थांबले. १९१३ मध्ये त्याच शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने जवळपास १३ टक्के क्रोमियमचं पोलाद ओतलं आणि स्टेनलेस स्टील जगासमोर आलं. आपल्या मेसच्या ताटाचं मूळ तिथे आहे. फॅरेडे रस्त्यावर होता, पण मुक्काम अजून नव्वद वर्षं लांब होता.

१८२३ मध्ये स्टोडार्ट वारले आणि वर्षभरात हे काम बंद पडलं. पाचेक वर्षांच्या मेहनतीतून हातात काय आलं? प्लॅटिनम, ऱ्होडियम घातलेलं पोलाद बाजाराला परवडणारं नव्हतं. आपल्या पोलादाचे वस्तरे फॅरेडेने मित्रांना भेट दिले. त्या काळच्या हिशोबाने हा प्रोजेक्ट फेलच!

पण त्याच धामधुमीत, १८२१ मध्ये, त्याचं सारा बर्नार्डशी लग्न झालं आणि सप्टेंबरमध्ये त्याने पाऱ्याच्या भांड्यात लोहचुंबकाभोवती विजेची तार फिरवून दाखवली. आपल्या सगळ्या मोटारींची ती पहिली आजी. १८२४ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला, तेही स्वतः डेव्हींचा विरोध असताना. १८२५ मध्ये त्याने बेंझीन शोधलं. मग आली २९ ऑगस्ट १८३१ ची ती प्रसिद्ध तारीख. मऊ लोखंडाची सहा इंच व्यासाची रिंग, तिच्या दोन बाजूंना गुंडाळलेल्या दोन तारा. एका तारेत वीज सोडताना आणि बंद करताना दुसरीकडची सुई हलली. पहिला ट्रान्सफॉर्मर हाच.

त्याला गणित फारसं येत नव्हतं. एम-थ्रीत अडकलेल्या सगळ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. चुंबकाभोवतीच्या अदृश्य रेषा त्याने मनाने पाहिल्या, लोहकिसाने कागदावर उमटवल्या. त्यांना समीकरणात बसवायचं काम पुढे मॅक्सवेलने केलं.

आणखी एक फेल प्रोजेक्ट सांगतो. १८२५ नंतर काही वर्षं त्याला दुर्बिणीसाठी उत्तम काच बनवायच्या कामाला जुंपलं होतं. मनासारखी काच झाली नाही. पण त्यातला शिसं घातलेल्या जड काचेचा एक तुकडा त्याने ठेवून दिला. सप्टेंबर १८४५ मध्ये तोच तुकडा त्याने लोहचुंबकाजवळ धरला, आरपार प्रकाश सोडला, आणि प्रकाशाच्या कंपनाचं प्रतल फिरलं. प्रकाश आणि चुंबकत्व यांचा संबंध माणसाला पहिल्यांदा दिसला, तो एका न जमलेल्या काचेतून!

तो सँडेमनियन नावाच्या छोट्या ख्रिस्ती पंथाचा होता. साधेपणा आणि पैसा न साठवणं ही त्यांची शिकवण. त्याने सर ही पदवी नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद नाकारलं. मुलांसाठी नाताळच्या सुट्टीत मात्र वर्षानुवर्षं व्याख्यानं दिली. त्यातली मेणबत्तीवरची व्याख्यानं आजही छापली जातात. शेवटी स्मरणशक्ती दगा देत गेली. २५ ऑगस्ट १८६७ ला हॅम्प्टन कोर्टच्या घरी तो वारला. वेस्टमिन्स्टर अॅबीमध्ये दफन नको म्हणून त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. हायगेटच्या स्मशानभूमीत त्याची साधी कबर आहे.

आणि त्याच्या मागे राहिली एक लाकडी पेटी. तिच्यात पोलादाचे ७९ तुकडे होते, त्या भट्टीतले. शंभरेक वर्षांनी रॉबर्ट हॅडफील्ड यांनी, म्हणजे मँगॅनीज स्टील शोधणाऱ्या शेफील्डच्या धातुतज्ज्ञांनी, ते तुकडे हाती घेऊन तपासले आणि १९३१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. प्लॅटिनम, ऱ्होडियमची ती पोलादं अजून तिथे होती. मिश्र पोलादाच्या पद्धतशीर अभ्यासाची सुरुवात फॅरेडेने केली, हे तेव्हा जगाला नीट कळलं. प्रयोग फसला म्हणून त्याने तुकडे फेकून दिले असते, तर?

हे सगळं वाचल्यावर मी दुसऱ्या वस्तऱ्याकडे नव्याने बघितलं. पातं साफ झालं होतं, पण मूठ शिंगाची, किड्यांनी खाल्लेली आणि चिरलेली. पुढच्या सुट्टीत कराडला गेलो तेव्हा सलूनच्या जुन्या खुर्चीचा तुटलेला शिसवी हात मागून घेतला. मूठ म्हणजे खरं तर दोन पातळ पट्ट्या. प्रत्येक साधारण तीन मिलिमीटर जाड, लाकडाचे रेषे लांबीच्या दिशेने. दोन्ही एकत्र चिकटवून एकाच वेळी भोकं पाडायची म्हणजे ती समोरासमोर येतात. शेपटीकडे पाचर घालायची, त्यामुळे मधे फट राहते आणि मिटताना धार लाकडाला लागत नाही. मग पितळेच्या तारेच्या पिना, बारीक वॉशर, आणि छोट्या हातोडीने अगदी हलके ठोके. पहिली जोडी मी घाई करून चिरली. दुसरी जमली. जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले, तसा शिसवीचा काळसर रंग वर आला.

धार लावायला आजोबांसमोर बसलो. पात्याची पाठ आणि धार दोन्ही निसण्यावर टेकलेली हवी, आणि धार पुढे. पट्ट्यावर मात्र उलट, पाठ पुढे. आजोबा बघत नव्हते, डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होते. आवाज खरखरला की बोट वर करायचे, मी हात हलका करायचो. तास गेला. मग त्यांनी पातं मनगटावरच्या केसांना लावून पाहिलं, गालाला साबण लावला आणि आरशाच्या खुर्चीत जाऊन बसले. दाढी मी केली, ते सांगत गेले. हनुवटीवर एकदा लागलंच. तुरटी फिरवली. पहिल्या दिवशी सगळ्यांकडून होतं, असं म्हणून ते हसले.

तेव्हाच मी त्यांना निळ्या पट्टीचा पहिला वस्तरा दाखवला, आणि केटीचंही सांगितलं. त्यांनी ती पट्टी उन्हात धरून बघितली. पाणी उतरलं, एवढंच म्हणाले. सरांनी पाहिल्यावर हेच सांगितलं होतं. माझ्या आजोबांना मटेरियल सायन्सच्या पुस्तकातलं अर्धं पान पाठ आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

हॉस्टेलवर परतल्यावर रूममेटला सांगून टाकलं. जुना बाजार खोटा, धोकटी पणजोबांची, सलून आजोबांचं. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी साबण आणि टॉवेल घेऊन माझ्या कॉटवर येऊन बसला आणि दाढी करून दे म्हणाला. आता रविवारी रांग लागते! प्रत्येकाला मी आधी सांगतो, हा वस्तरा फक्त माझ्यापुरता, तुमच्यासाठी अर्ध्या ब्लेडचा आणि प्रत्येकाला नवी ब्लेड. सलूनवाल्याचा नातू आहे, एवढा नियम पाळावाच लागतो.

निळा वस्तरा मी फेकला नाही. एका खोक्यात ठेवलाय, वर तारीख आणि काय चुकलं ते लिहून. केटीचा पेपर मे महिन्यात आहे. टेम्परिंगवर प्रश्न आला तर रंगांचा क्रम मला आयुष्यभर विसरता येणार नाही.